दातमावशीने ओतलेला पंजा

हेडसरांचे दात दूधवाल्या काकूंच्या तोंडात गेले, त्याला जबाबदार मीच. दोन कवळ्या एकाच दिवशी तयार झाल्या, दोन्ही सारख्याच निळ्या डब्यांत, आणि डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवताना मी फोनवर बिबट्याची ताजी बातमी ऐकत होतो. चिठ्ठ्या अगदी सरळ चिकटवल्या. फक्त ह्याची त्याला आणि त्याची ह्याला.

हेडसर म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. ते परगावी गेले होते, त्यांनी डबा दोन दिवसांनी उघडला. मग फोन केला. तोंडात दात नसल्यामुळे मला त्यांचं निम्मंच बोलणं कळलं, पण जे कळलं तेवढं पुरे होतं. काकूंनी मात्र तक्रारच केली नव्हती. नवी चप्पल चावते तसे नवे दातही चावणार, असा विचार करून त्या दोन दिवस हेडसरांचे दात घालून हिंडत होत्या. दूध घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना म्हणे वाटायचं, काकू आता गृहपाठ विचारणार.

मी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसतो. नावं लिहून घेणं, नंबर देणं आणि "डॉक्टर येतीलच इतक्यात" हे वाक्य चेहरा न हलवता दिवसातून पन्नास वेळा म्हणणं, हे माझं काम. मागच्या खोलीत दातमावशी बसते. डॉक्टर हिरड्यांचं माप घेतात, पुढचं सगळं ती करते. ठसा ओतायचा, मेणात दात बसवायचे, कवळी घासून चमकवायची. तीस वर्षं हेच. गावातली साठीपुढची निम्मी माणसं तिच्या हातचं हसतात. रस्त्यात कोणी भेटलं की ती आधी तोंडाकडे बघते, मग नाव आठवते. नाव चुकतं कधीकधी, तोंड चुकत नाही.

माझी चूक निस्तरायला मावशीला यावंच लागलं. चुकीच्या कवळीने काकूंच्या हिरड्या सुजल्या असणार, म्हणजे कदाचित माप पुन्हा घ्यावं लागणार. तिने पिशवीत रबरी वाटी, माप घ्यायची पावडर आणि प्लास्टरचा डबा भरला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसली. आधी हेडसरांकडून काकूंचा डबा घेतला. वाटेत मला एक शब्द बोलली नाही. शिव्या परवडल्या असत्या.

आता बिबट्याचं. आमच्या भागात मांजर सोडलं तर त्या घराण्यातलं कोणी कधी राहिलेलं नाही. तरी महिनाभर गावाला बिबट्या दिसत होता, आणि तोही काळा. पहिल्यांदा पेट्रोलपंपावरच्या माणसाला दिसला, रस्ता ओलांडताना. मग केशकर्तनालयात त्याची वाढ सुरू झाली. मी दाढीला बसलो तेव्हा तो कुत्र्याएवढा होता, उठलो तेव्हा वासराएवढा. हेडसरांनी तो गच्चीवरून पाहिला, चष्म्याशिवाय, आणि चष्मा नसतानाही दिसला म्हणजे केवढा असेल, हा त्यांचा मुद्दा होता. कोणी म्हणे सर्कशीतून सुटला, कोणी म्हणे लाकडाच्या ट्रकमधून आला, कोणी म्हणे एका बड्या माणसाने बंगल्यात पाळला होता, अंगाशी आला तेव्हा सोडून दिला. सगळा मुलूख मोकळा पडलेला असताना हे जनावर दर वेळी तळ्यामागच्या गायरानातच का दिसतं, हे मात्र कोणी विचारत नव्हतं. मीही नाही. मला बातमी पुढे पाठवायची घाई असायची.

काकूंचा गोठा त्याच गायरानाच्या कडेला. आम्ही पोचलो तेव्हा काकू हेडसरांचे दात हातात घेऊनच उभ्या होत्या, कारण त्यांना बोलायचं होतं आणि ते दात बोलू देत नव्हते. मावशीने त्यांना त्यांचे स्वतःचे बसवले, आरशात दाखवले, आणि काकू पहिलं वाक्य जे बोलल्या ते दातांबद्दल नव्हतंच.

"नगरपालिकेचा साहेब म्हणतो गायरानाला कुंपण घालणार. जनावराची भीती आहे म्हणतो. मग माझ्या सात गाई काय ह्या डब्यात चरवू?"

प्रकरण असं होतं. एका ठेकेदाराला ती जमीन बंगल्यांसाठी हवी होती. त्याने दोनदा अर्ज केला, दोनदा गाईवाल्यांनी नगरपालिकेत जाऊन हाणून पाडला. आता लोकांच्या जिवाला धोका म्हणून जागा बंद करायची वेळ आली, तर कुंपण स्वखर्चाने घालून देतो म्हणून हाच ठेकेदार पुढे आला होता. इतका उदार माणूस दिसला की आपण आधी आपला खिसा चाचपून बघावा. गायरान एकदा बंद झालं की ते परत उघडणार नाही, हे काकूंना कळत होतं. विकतच्या चाऱ्यावर सात गाई उभ्या राहत नाहीत, बाजारात उभ्या राहतात.

"आणि ऐका," काकू म्हणाल्या, "सात गाई, तीन वासरं, एक कुत्रं. कोणाला ओरखडा नाही. कुत्रं भुंकलंसुद्धा नाही. असला कसला वाघ?"

पण पाण्याच्या हौदाजवळच्या चिखलात पावलं होती. तळहाताएवढी, चार बोटं, मागे गादी, नख्यांची खूण नाही. मावशी उकिडवी बसली आणि बघतच राहिली. मग म्हणाली, आयुष्यभर माणसांचेच ठसे घेतले, हाही घेऊन बघू. उद्या साहेब येईपर्यंत गाई तुडवून टाकतील. तिने पिशवीतली वाटी काढली, प्लास्टर कालवलं आणि दोन पावलं ओतली, एक डाव्या बाजूचं आणि एक चार हात पुढचं, उजव्या बाजूचं. प्लास्टर घट्ट होईपर्यंत आम्ही तिघं राखण करत बसलो. काकूंनी दूध दिलं. मी एक फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. ह्या गोष्टीतली माझी ही दुसरी चूक, पण तेव्हा ती मला कामगिरी वाटली होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दात दुखणारे कमी आणि पंजा बघणारे जास्त. डॉक्टरांनी आधी वैतागून, मग कौतुकाने बघितलं. दुपारी नगरपालिकेचे साहेब आले. ते फार खूश होते. महिनाभर त्यांच्याकडे बिबट्या बघितलेले डझनभर होते, पण बघणाऱ्याला फाइलला टाचता येत नाही. प्लास्टरचं तसं नसतं. शुक्रवारी बैठक होती. गावात ठशांतलं कळणारी मावशी एकटीच, तेव्हा हा ठसा खऱ्या जनावराचा आहे असं तिने सही करून द्यावं, म्हणजे कुंपणाचा निर्णय होईल, असं सांगून ते कागद ठेवून गेले. मावशी म्हणाली, बघते. कवळी देतानाही ती कार्डावर सही करते, आणि एक कणसुद्धा टोचत असेल तर करत नाही.

साहेब गेल्यावर तिने मला दार लावायला सांगितलं. दोन्ही ठसे ब्रशने धुतलेले होते. पहिला तिने माझ्या हातात दिला आणि गादीच्या वर, तिसऱ्या बोटाच्या बुडाशी अंगठा फिरवायला सांगितला. तिथे मोहरीएवढा गोल दाणा लागला.

मी म्हटलं, खडा असेल चिखलात.

मावशी म्हणाली, खड्याने खळगा पडतो वेडावाकडा, हा गोटीसारखा गोल आहे. माप घेताना पावडर नीट कालवली नाही की आत हवेचा बुडबुडा राहतो. त्यात प्लास्टर ओतलं की बुडबुड्याच्या जागी असा दाणा येतो. म्हणून तर पावडर वाटीच्या कडेला रगडून रगडून हवा काढायची असते.

"मग तुझ्याच हातून राहिला असेल," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं. तीस वर्षांत असं तिला कोणी म्हटलं नसावं.

"मी चिखलात प्लास्टर ओतलं. पावडर कुठे वापरली?" तिने दुसरा ठसा पुढे केला. "आता हा बघ."

दुसऱ्या पावलावर, त्याच बोटाच्या बुडाशी, त्याच जागी, तोच दाणा.

मला दोन मिनिटं लागली, तुम्हाला कमी लागतील. दोन वेगळ्या पायांना एकाच जागी एकच दाणा नसतो. हे जनावर एकाच पंजावर उड्या मारत आलं होतं, आणि तो पंजा कोणीतरी साच्यातून काढला होता. मेणात कोरायचा, पावडरीने त्याचं माप घ्यायचं, त्यात प्लास्टर ओतायचं, दांडा लावायचा आणि चिखलात ठोकत जायचं. कवळीचीच रीत. गावात ही रीत जाणणारी खोली एकच, आणि आम्ही त्याच खोलीत उभे होतो.

मावशीने दोन्ही ठसे फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले आणि साहेबांचा कागद त्यांच्यावर. आणि मला, खरं सांगतो, तिचाच संशय यायला लागला. पुढचे दोन दिवस मी टेबलावर कमी आणि तिच्या पाळतीवर जास्त होतो. प्लास्टरची गोणी मला हलकी वाटली. तिच्या चपलेला चिखल दिसला. तो आम्ही गोठ्यावर गेलो तेव्हाचाच होता, हे माझ्या चपला पाहिल्यावर लक्षात आलं. बुधवारी ती दुपारची न सांगता बाहेर गेली आणि तासाने आली, डोळे लाल. मी विचारलं कुठे गेली होतीस, तर म्हणाली, "डॉक्टर येतीलच इतक्यात." माझंच वाक्य, माझ्याचसारखा चेहरा न हलवता.

ती कुठे गेली होती ते गुरुवारी कळलं, कारण तो स्वतःच आला. मावशीचा धाकटा भाऊ. ती मावशी, म्हणून तो आपोआप गावाचा मामा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, मावशी एकोणिसाची. तिनेच वाढवला, तिनेच ह्या खोलीत बसवून कवळीचं काम शिकवलं. मेणातलं कोरीवकाम तो तिच्यापेक्षा सरस करायचा, हे ती स्वतः सांगते. पण धीर नाही. दोन वर्षांपूर्वी, म्हाताऱ्यांच्या तोंडात आयुष्य घालवणार नाही म्हणून उठला आणि ठेकेदाराकडे देखरेखीला लागला. कोणता ठेकेदार, ते सांगायला नकोच. येत्या महिन्यात नोकरी कायम होणार होती, राहायला दोन खोल्याही मिळणार होत्या.

तो आत गेला. मधे फक्त प्लायवूडची भिंत आहे. मी रजिस्टर उघडून बसलो आणि कान आत पाठवले.

आधी तो गोड बोलला. तब्येत, गुडघे, डॉक्टर पगार वाढवतात की नाही. मग म्हणाला, "ताई, सही करून टाक ना. तुझं काय जातं? कुंपण पडलं तर लोकांचंच भलं."

मावशीने काहीतरी टेबलावर ठेवलं. आवाजावरून ठसा.

"गादी सुंदर कोरलीस," ती म्हणाली. "बोटांचा उतार बघितला आणि मला वाटलं, हा हात माझ्या ओळखीचा आहे. आणि पावडर अजून ऑम्लेटसारखी फेटतोस. हजारदा सांगितलं असेल, रगडायची असते."

बाहेर एक आजोबा नंबर विचारत होते, त्यांना मी हातानेच बसवलं.

मग मामा बोलायला लागला, आणि आता गोड नव्हता. म्हणाला, मला सांगितलं तेवढं मी केलं. कोणाचा जीव घेतला का? गाईवाल्यांना पैसे मिळतील की. तू सही नाही केलीस तर माझी नोकरी जाईल, हे तुला दिसत नाही का. आणि नाव घेतलंस तर पोलीस मला धरतील, ठेकेदाराला कोणी हात लावणार नाही. मावशी मधेच म्हणाली, ते मलाही माहीत आहे, म्हणूनच काल तुझ्या खोलीवर येऊन बसले होते, पण तू दार उघडलं नाहीस. तो घरात होता, हे तिला दाराबाहेरच्या चपलेवरून कळलं होतं.

मामा बाहेर पडला तेव्हा माझ्याकडे बघून हसला. ते हसू बघून मला पहिल्यांदा वाटलं, मावशी सही करणार. मी असतो तर केली असती. सख्खा भाऊ एका बाजूला आणि परक्या बाईच्या सात गाई दुसऱ्या बाजूला, ह्यात तराजू आणायची गरजच काय, असं मला वाटत होतं.

शुक्रवारी बैठकीला मी पिशवी उचलायला म्हणून गेलो. लांब टेबल, एका टोकाला साहेब, एका बाजूला ठेकेदाराचा माणूस, दुसऱ्या बाजूला काकू आणि आणखी तीन गाईवाले, भिंतीला हेडसर, प्रत्यक्षदर्शी म्हणून. मामाही होता, दाराशी, उभा. साहेबांनी कागद पुढे सरकवला, पेनाचं टोपण काढून दिलं.

मावशीने पेन बाजूला ठेवलं. दोन्ही ठसे काढले आणि साहेबांना अंगठा फिरवायला सांगितला. मग ठेकेदाराच्या माणसाला. त्याने नको म्हटलं. मग काकूंना. मग तिने मला सांगितलं होतं तेच सांगितलं, त्याच शब्दांत, शिकवणीच्या बाईसारखं. बुडबुडा, दाणा, एक साचा. हेडसरांनी चष्मा लावला आणि लगेच काढला.

साहेबांनी विचारलं, हे काम कोणाचं?

"ते मी सांगणार नाही," मावशी म्हणाली. "पावडर आणि प्लास्टर माझ्या खोलीतलं आहे, मोजून बघितलं. तेवढं लिहा, त्याखाली सही करते."

ठेकेदाराचा माणूस एकदम खुलला. म्हणाला, म्हणजे ह्यांनीच केलं. स्वतःच पंजा बनवायचा, स्वतःच ओतायचा, गावात नाव करून घ्यायचं. साहेबांनी मावशीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी मामाकडे बघितलं. त्याला दोन शब्द बोलायला जागा होती, वेळही होता. तो दाराची कडी वरखाली करत राहिला.

मावशी म्हणाली, "ज्याला जे वाटायचं ते वाटू दे. गायरानात वाघ नाही, एवढं लिहा."

लिहिलं गेलं. कुंपणाचा विषय पुढे ढकलला म्हणजे बारगळला, हे साहेबांच्या फाइल मिटण्याच्या पद्धतीवरून कळलं. काकूंच्या गाई त्या संध्याकाळी गायरानातच होत्या.

पण गाव ते गाव. दोन आठवडे मावशीवर संशय होता. केशकर्तनालयात तिने पंजा बनवला होता, आणि मी उठेपर्यंत चारही बनवले होते. तीन जणांनी कवळीची ऑर्डर काढून घेतली. त्यातले दोघे महिन्याभराने परत आले, कारण भाकऱ्या चावायला संशय कामाला येत नाही. काकू एकदा दूध घेऊन आल्या, आभार मानायला असं मला वाटलं. त्यांनी किटली ठेवली, मावशीकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्याच घरातलं कोणीतरी असणार. मी काही विचारत नाही." आणि खरंच काही न विचारता निघून गेल्या. दुधाचे पैसे घेतले नाहीत, तेही सांगून नाही, विसरल्यासारखं करून.

बिबट्या अजून दिसतो. पंजाचं खोटं ठरल्यानंतर तीन वेळा दिसला. आता तो फार सावध झाला आहे, पावलं ठेवत नाही, असं हेडसर म्हणतात.

मामाची नोकरी कायम झाली नाही. ठेकेदाराने त्याला त्याच आठवड्यात काढलं. सोमवारी सकाळी तो मागच्या दाराने मावशीकडे आला. मी ऐकलं नाही, ह्या वेळी कान आत पाठवायची लाज वाटली, पण दुपारी मावशीनेच सांगितलं. त्याने विचारलं होतं, तू माझं नाव का घेतलं नाहीस. ती म्हणाली, घेईन अजून. नको असेल तर हिरड्यांचे पंचवीस ठसे ओतून दे, एकालाही दाणा असता कामा नये. ती माफी होती की शिक्षा, मी विचारलं. "काम आहे," ती म्हणाली.

तो रविवारी सकाळी यायचा. तोंड वाकडं करून बसायचा, पावडर रगडायचा, ओतायचा. मावशी अंगठा फिरवायची. दाणा लागला की ठसा टेबलाच्या कडेवर आपटून फोडायची आणि "पुन्हा" म्हणायची. पहिल्या रविवारी अकरा फोडले, एक ठेवला. पुढे फुटायचे कमी झाले, बोलणं थोडं सुरू झालं, एकदा दोघं कशावरून तरी हसलेही. चोवीस झाले तेव्हा त्याला दुसऱ्या गावातल्या दातांच्या दवाखान्यात जागा मिळाली आणि तो गेला. पुढच्या रविवारी येतो म्हणाला होता. कोणत्या, ते म्हणाला नाही.

चोवीस ठसे मावशीच्या फळीवर रांगेत आहेत. ती त्यांच्याबद्दल बोलत नाही. पण मला तिचा भरवसा नाही. एखाद्या दुपारी ती स्वतःच एक ओतून रांगेला लावेल आणि पूर्ण झाले म्हणेल, असा मला दाट संशय आहे. म्हणून येता-जाता मी मोजतो. आज सकाळीही चोवीसच होते.